साताऱ्याचा पाऊस पडद्यावर : भूगोल लॅबच्या कामाच्या नोंदी

१९ मे

सुट्टीतच हे काम उरकायचं ठरवलंय. विभागाबाहेर जिन्यापाशी टीव्ही टांगलाय, त्यावर वर्षभर स्नेहसंमेलनाचे फोटो फिरतात. पावसाळ्यापुरत्या त्यावर दोन गोष्टी दाखवायच्या : हवामानाच्या संगणकी मॉडेलनं वर्तवलेला चोवीस तासांचा पाऊस आणि उपग्रहाचं ताजं चित्र. नकाशा आपल्या जिल्ह्याचा, गावांची नावं मराठीत, वेळ आपल्या घड्याळाची. ऐकायला दोन दिवसांचं काम.

मॉडेल अमेरिकेचं जीएफएस. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, दिवसातून चारदा नवं येतं. उपग्रह अजून ठरायचाय. बघायला आणि मुलांना शिकवायला युनिडाटाचं आयडीव्ही हे सॉफ्टवेअर, फाईलच्या पोटात काय आहे ते चाचपायला नासाचं पॅनोप्ली, आणि रोजचं आपोआप निघणारं चित्र पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेमधून. मशीन लॅबमधलं जुनंच, ८ जीबी रॅमचं. माणसं तीन : मी, एमएस्सीची कोरेगावची मुलगी आणि म्हसवडचा मुलगा. चौथे मामा, कारण किल्ल्या त्यांच्याकडे.

२० मे

आयडीव्ही बसलं. जीएफएसची एका तासाची अख्खी फाईल उतरवली, जवळजवळ ५०० एमबी. उघडली आणि मशीन जे बसलं ते उठेना. आयडीव्ही जावावर चालतं आणि त्याला किती मेमरी घेऊ द्यायची ते प्राधान्यांमध्ये आपणच सांगायचं असतं. ४ जीबी दिली. तरी रडगाणं चालूच.

खरी चूक वेगळीच. साताऱ्यासाठी आपण अख्ख्या पृथ्वीचं वातावरण मागवत होतो, तेही जमिनीपासून थेट वरपर्यंतच्या सगळ्या थरांचं. जिथून फाईल मिळते त्या नोमॅड्स सर्व्हरवर चाळणी आहे : कोणती राशी, कोणती पातळी, कोणता चौकोन ते टिचकी मारून निवडायचं. पूर्वेला ६६ ते ८२ रेखांश, उत्तरेला १० ते २४ अक्षांश घेतले. पाऊस, १० मीटरवरचा वारा, ८५० आणि २०० हेक्टोपास्कलचा (म्हणजे हवेचा दाब तेवढा असतो त्या उंचीवरचा) वारा, आर्द्रता. फाईल काही शे केबीवर आली. मशीन लगेच गुणी झालं.

२१ मे

पायथनमधल्या पहिल्या चित्रात सांगलीचा पाऊस पुण्याच्या पावसाच्या उत्तरेला. जीएफएसचे अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे मोजत येतात, आम्ही उलटे धरले होते. एक ओळ बदलली. किनारपट्टीची रेघ वेगळ्या फाईलमधून येते म्हणून ती बरोबर होती, फक्त पाऊस उलटा. रेघ नीट दिसली की माणूस रंगांवरही विश्वास ठेवतो. मी ठेवला होता, दहा मिनिटं.

२३ मे

म्हसवडचा मुलगा १००० हेक्टोपास्कलचा वारा काढून घेऊन आला. सुंदर बाण, जिल्हाभर. त्याला विचारलं, साताऱ्यात जमिनीवर हवेचा दाब किती? शहर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, म्हणजे दाब साधारण ९३० च्या घरात. मग १००० चा वारा वाहतो कुठे? जमिनीखाली. मॉडेल तिथेही आकडे भरून देतं, गणितासाठी रकाना रिकामा ठेवायचा नसतो म्हणून. सॉफ्टवेअर मुकाट्यानं बाण काढतं. खालचा वारा म्हणून आता ८५० चाच घ्यायचा, तो साधारण दीड किलोमीटरवर असतो. महाबळेश्वरचं पठार जवळजवळ त्याला घासतं.

२७ मे

उपग्रह. आधी सोपा रस्ता धरला : जपानचा हिमावारी-९, दर दहा मिनिटांनी चित्र, खुल्या साठ्यातून थेट मिळतं. चित्र उतरलं, आपला भाग कापून काढला, तर सगळं दबल्यासारखं, बशीच्या कडेवरचं नक्षीकाम तिरकं बघावं तसं. गणित मांडलं. हा उपग्रह १४०.७ पूर्व रेखांशावर आहे आणि आपण ७४ वर. साताऱ्यातून बघितलं तर तो पूर्व क्षितिजाच्या वर जेमतेम १४ अंश.

त्यात नुसतं चित्र दबतं एवढंच नाही, ढगाची जागाही सरकते. उपग्रह ढगाचा माथा बघतो आणि नजरेची रेघ पुढे जमिनीवर जिथे टेकेल तिथे तो ढग मांडतो. माथा १२ किलोमीटरवर असेल तर इतक्या तिरक्या नजरेला तो ५० किलोमीटरच्या आसपास पश्चिमेला सरकलेला दिसतो. म्हणजे साताऱ्यावर गडगडणारा ढग चित्रात कोकणात, चिपळूणच्या बाजूला. जिल्ह्याच्या नकाशावर असलं चित्र लावणं म्हणजे लोकांना फसवणं. हिमावारी बाद.

मग आपला भारताचा इन्सॅट-३डीआर. सप्टेंबर २०१६ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेला, आणि उभा आहे ७४ अंश पूर्वेला. साताऱ्याचा रेखांश ७३.९९! विषुववृत्तावर, ३६ हजार किलोमीटर उंच, पण बरोब्बर आपल्याच रेषेत. मुलीनं खिडकीतून दक्षिणेला अजिंक्यताऱ्याकडे बोट केलं, "म्हणजे सर, किल्ल्याच्या वरच्या अंगाला?" तसंच. क्षितिजापासून ६९ अंशांवर. याच्या नजरेत १२ किलोमीटरचा ढग फार तर साडेचार किलोमीटर उत्तरेला सरकेल. इन्सॅटच्या अवरक्त (म्हणजे उष्णता टिपणाऱ्या) चित्राचा एक ठिपकाच मुळी ४ किलोमीटरचा. चालेल.

इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राचं मोसडॅक संकेतस्थळ आहे, तिथे नोंदणी करून डेटा मागवायचा. अर्ज भरला.

३० मे

इन्सॅटची पहिली फाईल. एचडीएफ-५ प्रकारची. पॅनोप्लीनं उघडली, अवरक्त वाहिनीचं चित्रही काढलं, पण रंगपट्टीवर आकडे ६००, ८४०, ९१०. मुलीनं विचारलं, ८४० काय? अंश तर नव्हेत.

नव्हेतच. ते कच्चे मोजणीचे आकडे, ० ते १०२३, दहा बिटांचे. त्याच फाईलमध्ये शेजारी १०२४ ओळींचा तक्ता असतो : अमुक आकड्याला तमुक तापमान. प्रत्येक ठिपक्याचा आकडा घेऊन तक्त्यात बघायचं आणि तापमान उचलायचं, तेही केल्व्हिनमध्ये. पायथनमध्ये एका ओळीचं काम, पण तक्ता आहे हे आधी माहीत हवं. तो न लावताही चित्र ढगाळ आणि देखणंच दिसतं, तीच पंचाईत.

दुसरी गंमत जागेची. आम्ही फाईलमधले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे वाचले. साताऱ्याचा अक्षांश निघाला १७६८, रेखांश ७३९९. पृथ्वी एवढी मोठी नाही. जागा वाचावी म्हणून ते पूर्णांकात साठवलेले असतात आणि ०.०१ नं गुणा असं बाजूला लिहिलेलं असतं. पॅनोप्ली ती चिठ्ठी वाचतं, आमची घरगुती स्क्रिप्ट वाचत नव्हती. अंतराळातल्या म्हणजे पृथ्वीच्या कडेबाहेरच्या ठिपक्यांना ३२७६७ हा भरणा असतो, तो आधी काढून मग गुणायचं. उलट केलं तर अवकाशही नकाशावर येतं.

सॅटपाय नावाच्या पायथन संचात इन्सॅटचा वाचक तयार आहे असं मुलाला नंतर सापडलं. तो वापरू. पण दोन दिवस हातानं केलं त्याचं वाईट वाटत नाही, आता त्या वाचकाच्या आत काय चालतं ते कळतं.

२ जून

रात्री सव्वाआठला लख्ख ऊन.

दृश्य प्रकाशाच्या वाहिनीचं चित्र, त्यावर मराठीत वेळ : २०:१५. ढगांच्या कडा उन्हानं चकाकतायत. आम्ही तिघंही पाच मिनिटं ते चित्र कौतुकानं बघत होतो. मामा चहा घेऊन आले, चष्मा वर करून म्हणाले, "रातचं ऊन कुठनं आलं हो सर?"

फाईलमधली वेळ जागतिक, ०९:१५. वाचतानाच तिच्यात साडेपाच तास मिळवले होते, दुपारचे पावणेतीन. चित्रावर छापणाऱ्या भागानं पुन्हा साडेपाच मिळवले. यापुढे नियम : आत सगळीकडे जागतिक वेळ, आपली वेळ फक्त अगदी शेवटी, छापताना. मॉडेलच्या फाईलनाही हेच. अवरक्त चित्र रात्री-दिवसा सारखंच दिसतं, त्यावर ही चूक पावसाळाभर कुणाला कळली नसती.

५ जून

दुपारी वळीव. साडेतीनच्या चित्रात खटाव-माणवर पांढरा गोळा, माथ्याचं तापमान उणे ६० च्या खाली. म्हसवडच्या मुलानं घरी फोन लावला, "आई म्हणते, पत्रे वाजायला लागलेत." पहिल्यांदाच चित्र आणि जमीन जुळली. मुलगा दिवसभर हवेत होता.

८ जून

रविवारी येऊन नावांचं काम केलं. पायथनच्या मॅटप्लॉटलिबला देवनागरी फॉन्ट दिला तर अक्षरं येतात पण जोडता येत नाहीत. 'सातारा' ठीक, 'कराड' ठीक, 'वाई'सुद्धा ठीक. 'दहिवडी'ची पहिली वेलांटी ह सोडून भलतीकडेच, आणि 'महाबळेश्वर'चा श्व फुटून हलन्त लोंबकळतोय. पोरं म्हणाली इंग्रजीत टाकू. मी नाही म्हणालो, हट्टानं. नकाशा मॅटप्लॉटलिबनं काढायचा, नावं मात्र पिलो नावाच्या संचानं वरून चिकटवायची. त्याच्यासोबत राक्म ही अक्षरजुळणी बसवली की वेलांट्या जागेवर येतात. चार तास गेले. 'कोयनानगर' आता सुरेख दिसतं.

१२ जून

पावसाची बेरीज. या सगळ्या कामातलं सगळ्यात कटकटीचं प्रकरण हेच, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो, पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी.

आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ. हवामान खात्याचं मोजमाप तसं, आपल्या गच्चीवरचा पर्जन्यमापकही तसाच वाचतो. साडेआठ म्हणजे जागतिक वेळेचे ३. तेव्हा जागतिक वेळेच्या शून्य तासाला सुरू झालेल्या जीएफएसच्या फेरीत (मॉडेल दिवसातून चारदा नव्यानं चालतं, त्यातली एक खेप म्हणजे फेरी) आपला दिवस तिसऱ्या तासापासून सत्ताविसाव्या तासापर्यंत.

मुलीनं दर तीन तासांच्या फाईलमधला पाऊस काढून बेरीज मारली. महाबळेश्वरच्या भागात आकडा अफाट आला. आधी वाटलं, असेलही, महाबळेश्वरच ते. पण दहिवडीलाही अफाट. मग फाईलमधल्या नोंदींची यादी नीट वाचली. तिसऱ्या तासाच्या फाईलमध्ये ० ते ३ चा पाऊस, सहाव्यात ० ते ६ चा. ३ ते ६ चा नव्हे! नवव्यात ६ ते ९, बाराव्यात ६ ते १२. बादली सहा तास भरत राहते, मग रिकामी होते. दर तीन तासांच्या फाईल आंधळेपणानं मिळवल्या की प्रत्येक सहा तासांतले पहिले तीन दोनदा मोजले जातात. पाऊस सारखाच पडत असेल तर बेरीज थेट दीडपट. आयडीव्हीमध्ये या राशीच्या नावातच 'मिक्स्ड इंटरव्हल्स' असं लिहिलेलं असतं, आम्ही ते लांबलचक नाव कधी पूर्ण वाचलंच नव्हतं.

बरं, त्याच नावाची दुसरी नोंदही फाईलमध्ये असते, फेरी सुरू झाल्यापासूनच्या एकूण पावसाची. पहिल्या सहा तासांत दोन्ही सारख्याच, म्हणून चाचणी करताना फरक कळत नाही. सातव्या तासापासून वाटा फुटतात. आमच्या कामाची ही दुसरी. सत्ताविसाव्या तासाचा एकूण वजा तिसऱ्या तासाचा एकूण, झालं. दोन फाईल, एक वजाबाकी. आठवडाभर डोकं खाल्लं होतं.

एकक किलोग्रॅम प्रति चौरस मीटर लिहिलेलं असतं, त्याला मुलं बिचकली. एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी पसरलं तर उंची एक मिलिमीटर. तेच ते.

रंगांच्या पायऱ्या हवामान खात्याच्याच ठेवल्या : १५.६ पासून मध्यम, ६४.५ पासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. सॉफ्टवेअरची इंद्रधनुषी पट्टी काढून टाकली. तिच्यात हिरव्याचा पिवळा होतो तिथे काही घडलंय असं उगाच वाटतं.

१३ जून

दिवसभर लाईट नाही. यूपीएस वीस मिनिटं टिकला.

१७ जून

आज विभागप्रमुख मॅडमना चित्र दाखवलं आणि वाद झाला. चांगल्या अर्थानं.

चित्रात पाऊस ठोकळ्यांनी दाखवलाय. जीएफएसचा जो डेटा आपण घेतो तो पाव अंशाचा, म्हणजे आपल्याकडे एक ठोकळा पूर्व-पश्चिम साधारण २६ किलोमीटर. मॅडम म्हणाल्या, "हे शाळेतल्या आलेखाच्या कागदासारखं दिसतंय. बातम्यांत कसं छान वाहतं असतं, तसं करा की." तसं करणं सोपं आहे. आयडीव्हीत एक खूण करायची, पायथनमध्ये एक शब्द बदलायचा. सॉफ्टवेअर दोन बिंदूंमध्ये रंग हळूहळू मिसळवून देतं आणि चित्र रेशमासारखं होतं.

मी दोन्ही चित्रं शेजारी लावली. गुळगुळीत चित्रात महाबळेश्वरपासून पाचगणीपर्यंत रंग हलकेच फिकट होत जातो. बघणारा म्हणेल, वा, मॉडेलला घाटमाथा कळतो. पण ठोकळ्यांच्या चित्रात बघा : महाबळेश्वर आणि पाचगणी एकाच ठोकळ्यात आहेत. मॉडेल दोघांना मिळून एकच आकडा देतं. प्रत्यक्षात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे आणि वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी. तो उतरता रंग मॉडेलनं सांगितलेला नाही, चित्र काढणाऱ्या स्क्रिप्टनं शेजारच्या ठोकळ्यांकडे बघून कल्पनेनं भरलाय. तिकडे सातारा आणि दहिवडी यांच्यामध्ये एकच ठोकळा येतो, त्यात कोरेगाव. हजारभर मिलिमीटरच्या गावापासून त्याच्या निम्म्या पावसाच्या दुष्काळी गावापर्यंत तीन ठोकळे. शिवाय मॉडेलच्या आतला सह्याद्रीही बोथट, त्याचं महाबळेश्वर आपल्या १३५० मीटरपेक्षा कितीतरी सखल.

मॅडम थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पण जिन्यावरून जाणारा पोरगा ठोकळे बघून थांबणार नाही." हेही खरं. मी म्हणालो, थांबेल, कारण त्याला वाटेल टीव्ही बिघडलाय. हसल्या. ठोकळे राहिले. त्यांच्या सूचनेवरून प्रत्येक ठोकळ्यात आकडाही लिहिला, आणि तो मला न सुचलेला शहाणपणा होता, कारण आता रंग न बघताही वाचता येतं.

उपग्रहाच्या चित्राला मात्र हा वाद लागू नाही. तिथे ठिपका ४ किलोमीटरचा आणि खरोखर मोजलेला.

२४ जून

पाऊस लागला. सकाळपासून अजिंक्यतारा दिसत नाही. उपग्रहाच्या अवरक्त चित्रात घाटमाथ्यावर मात्र मळकट करडा रंग, माथ्याचं तापमान फार थंड नाही. जून सुरुवातीच्या वळवाच्या गोळ्यापुढे हे चित्र अगदीच मिळमिळीत. म्हसवडच्या मुलानं जाहीर केलं, आज घाटात विशेष काही नाही. महाबळेश्वरला असलेल्या मित्राला फोन लावायला लावला. तिकडे समोरचं झाड दिसत नव्हतं.

अवरक्त वाहिनी ढगाचा वरचा थंडपणा मोजते, खालचा पाऊस नव्हे. वळवाचा ढग बारा-चौदा किलोमीटर उंच जातो म्हणून माथा गोठलेला, चित्रात पांढराशुभ्र. घाटावरचा मोसमी पाऊस पुष्कळदा बुटक्या ढगांतून पडतो : समुद्रावरची ओली हवा सह्याद्रीला धडकून वर चढते आणि फार उंच न जाताच रिकामी होते. माथा उबदार, पाऊस मात्र मुसळधार. रंगपट्टीत उणे ४० च्या खालीच रंग द्यायचे असं मी ठेवलं होतं, वर सगळं करडं. वळवासाठी ठीक, आता निरुपयोगी. पावसाळ्यासाठी वेगळी पट्टी केली, शून्य अंशापासून छटा देणारी. तरी टीव्हीवर या चित्राखाली 'पाऊस' हा शब्द कुठेही यायचा नाही. 'ढगमाथ्याचं तापमान' एवढंच.

दुपारी मुलीनं सहा चित्रं एकामागोमाग फिरवली आणि ओरडली, "सर, ढग उलटे कुठं चाललेत?" खरंच, उंचावरची पांढरी पिसं पूर्वेकडून पश्चिमेकडे, कोकणाकडे. मोसमी वारा तर पश्चिमेकडून येतो ना? तिला वाटलं, आम्ही फ्रेमचा क्रम उलटा लावला. आधीच्या चुका बघता संशय रास्त होता.

क्रम बरोबर होता. आयडीव्हीत जीएफएसचा ८५० चा वारा काढला : अरबी समुद्रावरून पूर्वेकडे. त्यावर २०० चा : बरोबर उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे. पावसाळ्यात बारा किलोमीटरच्या आसपास वाहणारा हा पूर्वेचा वारा ढगांची टोकं ओढून नेतो, खालची ओली हवा मात्र आपल्या दिशेनं येत राहते. दोन वारे, उपग्रहाचं चित्र, तिन्ही एका पडद्यावर. पुस्तकात हा वारा मी पंधरा वर्षं शिकवतोय. असा चालताना पहिल्यांदाच बघितला.

३० जून

चित्रं आपोआप निघायला लागली. शून्य तासाची फेरी म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, पण फाईल यायला सकाळचे नऊ उजाडतात, सगळ्या येईपर्यंत साडेदहा. स्क्रिप्ट पावणेअकराला. आधी आम्ही ती नऊपासून दर काही सेकंदांनी 'आली का, आली का' विचारायला लावली होती, तर सर्व्हरनं आमचा पत्ताच थोडा वेळ बंद केला. चूक आमची. आता दोनच वेळा विचारतो, मध्ये दम घेऊन.

फाईल अर्धीच उतरली तर जुनं चित्र तसंच राहतं, म्हणून कोपऱ्यात 'चित्र किती जुनं' हे तासांत छापतो. सहाच्या वर गेलं की लाल.

७ जुलै

टीव्ही सुरू होऊन आठवडा. लाल आकडा रोज सकाळी दिसतो, कारण मामा संध्याकाळी मेन स्विचच बंद करून जातात. त्यांना सांगितलं, तर म्हणाले आग लागली तर कोण बघणार. मुद्दा बरोबर आहे. मशीन सकाळी चालू झालं की स्क्रिप्ट लगेच एकदा चालेल अशी सोय केली.

राहिलेलं : तालुक्यांच्या हद्दी जाड दिसतात. कोयनेच्या पाणलोटाची रेघ हवी. युरोपीय हवामान केंद्राचा खुला डेटाही शेजारी लावायचा, दोन मॉडेलं भांडताना मुलांनी बघावीत.

टीव्हीखाली मामांनी एक जुना फळा आणून टेकवलाय. साडेआठला गच्चीवर जाऊन पर्जन्यमापक तेच वाचतात. मुलीनं त्यावर तीन रकाने आखले : काल मॉडेलनं सांगितलेला पाऊस, पर्जन्यमापकातला पाऊस, आणि तिसरा मामांच्या आग्रहाखातर, किल्ला दिसतो का. आज पहिल्यात ३१, दुसऱ्यात १२, तिसऱ्यात मामांच्या अक्षरात, न्हाई.